संग्रह, परिग्रह आणि घरचे दप्तर

संग्रह आणि परिग्रह हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले. परंतु व्यवहारात एकाच्या वाट्यास मान आला आणि दुसऱ्याच्या वाट्यास निषेध. ग्रंथसंग्रह करणाऱ्यास आपण रसिक म्हणतो, वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या गृहस्थास दूरदर्शी म्हणतो; आणि हाच संग्रह शेजाऱ्याच्या घरी आपल्यापेक्षा अधिक झालेला दिसला म्हणजे त्यास परिग्रह ठरवून पतंजलीच्या यमांकडे बोट दाखवितो. विनोबांनी आश्रमाची एकादश व्रते मराठीत श्लोकबद्ध केली, तेव्हा त्यांत 'अपरिग्रह' ह्या रूढ शब्दाऐवजी 'असंग्रह' हा शब्द योजला. वृत्ताच्या सोयीसाठी तो आला असेल असे कोणी म्हणू शकेल; पण आम्हांस तो नेहमीच अधिक कठोर वाटत आला आहे. परिग्रहास लोभाचा वास तरी येतो. संग्रहास तोही येत नाही. आणि निर्लोभ मनाने केलेला संग्रहदेखील सोडा, असे सांगणे म्हणजे गृहस्थाश्रमाच्या मुळासच हात घालणे होय.

वर्ध्यास राहणाऱ्या मनुष्याला हा प्रश्न टाळता येत नाही. सेवाग्राम येथून जेमतेम पाच मैलांवर. तेथील बापूकुटीत मातीच्या भिंतींच्या आत एका माणसास लागणाऱ्या वस्तू किती थोड्या असू शकतात हे पाहुणे पाहतात, क्षणभर गंभीर होतात, आणि अंगणात येताच त्याच कुटीची दहाबारा छायाचित्रे मोबाइलमध्ये घेतात. ह्यात हसण्यासारखे काही नाही. आम्हीही ती घेतली आहेत. पण ती छायाचित्रे पुढे जातात कोठे, हा विचार फारसा कोणी करीत नाही. मोबाइल भरला म्हणजे ती आपोआप कोणत्या तरी कंपनीच्या कोठारात जाऊन पडतात. त्या कोठारास 'क्लाउड' असे सुंदर नाव आहे. प्रत्यक्षात तो मेघ नसून परदेशातील किंवा दूरच्या शहरातील एक मोठी इमारत असते, आणि तिच्यात आपल्या लेकरांचे वाढदिवस, वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि जमिनीचे सातबारे शेजारी शेजारी नांदत असतात.

हे सारे परत आपल्या घरी आणावे, ह्या विचाराने आम्ही काही वर्षांपूर्वी माजघरात एक सर्व्हर उभा केला. शब्द भारदस्त आहे, वस्तू तशी नाही. घरातला जुना संगणक घेतला, त्याचा पडदा काढून टाकला, आत प्रत्येकी चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क बसविल्या आणि एका तारेने तो राउटरला जोडून दिला. त्यावर चालणारी डेबियन व ओपनमीडियाव्हॉल्ट ही दोन्ही सॉफ्टवेअरे कोणासही विनामूल्य मिळतात. घरातल्या सर्वांच्या मोबाइलमधील छायाचित्रे रात्री वाय-फायवरून त्यात जाऊन पडतात. आणि कोणत्याही खोलीतील संगणकावरून ते कोठार आपल्याच कपाटाचा एक कप्पा असल्यासारखे उघडते. हे शेवटचे काम 'सांबा' नावाची आज्ञावली करते. अँड्र्यू ट्रिजेल ह्या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने १९९२ साली संगणकांमधून तारेवर जाणारे संदेश न्याहाळून त्यांची भाषा ओळखली आणि ही आज्ञावली लिहून जगास देऊन टाकली. ज्या जिल्ह्यात मगनवाडीसारखी ग्रामोद्योगाची प्रयोगशाळा झाली, तेथे अशी फुकट वाटलेली विद्या पाहून विशेष आनंद होतो. गांधीजी यंत्रमात्राचे शत्रू होते अशी समजूत असलेल्या वाचकांस आठवण द्यावीशी वाटते, की १९२४ सालच्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद मोकळ्या मनाने केला होता.

१९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क विक्रीस आणली. दोनदोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, सुमारे एक टन वजन, आणि त्यांत मावत पन्नास लक्ष अक्षरे. आमच्या माजघरातील तळहाताएवढी एकच डिस्क त्याच्या आठ लक्ष पट मजकूर पोटात घेते. संग्रहास पूर्वी जागेची मर्यादा होती. माळा भरला की गृहिणी आपण होऊन निवड करीत असे. ही मर्यादा आता उरली नाही.

यंत्राची निगा मात्र उरली आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. हार्ड डिस्कची सहनशक्ती साधारणपणे साठ अंशांपर्यंत, आणि चालू यंत्राच्या पोटातील उष्णता बाहेरच्यापेक्षा नेहमीच अधिक. म्हणून ते गच्चीखालच्या खोलीत न ठेवता माजघरात, जमिनीलगत ठेवावे लागते. वीज अवचित गेली तर लिहिले जात असलेले अर्धवट राहते, म्हणून यूपीएस. चाळीस वॉटच्या हिशेबाने दिवसास सुमारे एक युनिट वीज. महिन्यातून एकदा यंत्र साठविलेले सगळे पुन्हा वाचून पाहते आणि कोठे एखादे अक्षर बिघडले आहे काय ते ताडते. कारण न हाताळलेली डिस्कही हळूहळू विसरू लागते. पावसाळा सरल्यावर पोथ्या उन्हात घालण्याचा प्रघात होता, तशातलेच हे. जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस तिला तेलापासून, पाण्यापासून, सैल बंधनापासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा अशी विनवणी लिहून ठेवीत. चारही भये अद्याप शाबूत आहेत, चौथे तर विशेषच.

आता कोणी विचारील, इतका खटाटोप कशासाठी? कंपनीची कोठारे ह्याहून सुरक्षित नाहीत काय? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर, एका डिस्कच्या मरणाचाच प्रश्न असेल तर ती पुष्कळच सुरक्षित आहेत. तेथे एकेका अक्षराच्या अनेक प्रती असतात आणि रात्रंदिवस पहारा असतो. तरीही १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीच्या अशाच एका इमारतीस आग लागली आणि ज्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती त्यांचे सर्वस्व गेले. मायस्पेस ह्या संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले, की २००३ ते २०१५ ह्या बारा वर्षांत लोकांनी त्यांच्याकडे ठेवलेले संगीत सामानाच्या हलवाहलवीत नष्ट झाले. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद विनामूल्य जागा १ जून २०२१ पासून बंद केली. पुढे दोन वर्षे न उघडलेली खाती पुसून टाकण्याचा नियम केला आणि डिसेंबर २०२३ पासून तो अमलात आला. ह्या शेवटच्या नियमात आम्हांस अन्याय दिसत नाही. परक्याच्या वखारीत फुकट ठेवलेल्या पेटीला मुदत असणारच. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होते. काय ठेवावे आणि काय विसरावे, हा निर्णय तेथे आपल्या हाती नसतो. सुरक्षितता, स्वस्ताई, वेग हे सारे मुद्दे बाजूस सारल्यावर घरच्या दप्तराच्या बाजूने जे एक कारण उरते, ते हेच.

ह्या कारणाचे वजन किती, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी गांधीजींच्या पत्रांचा इतिहास पाहावा. असंग्रहाचे व्रत घेतलेल्या ह्या पुरुषाचे समग्र वाङ्मय शंभर खंडांचे आहे. पहिला खंड १९५८ साली निघाला, आणि काम पुरे होण्यास १९९४ साल उजाडले. त्यातील हजारो पत्रे आज वाचावयास मिळतात ती लिहिणाऱ्याने जपली म्हणून नव्हे. ज्यांस ती आली त्यांनी ट्रंकेत, पोथीच्या कापडात, देवघराच्या फडताळात जपून ठेवली म्हणून. एकाच्या असंग्रहाची कीर्ती सहस्रांच्या संग्रहाने टिकविली! ह्या इतिहासास आणखी एक प्रकरण आहे. १९९९ साली ह्या वाङ्मयाची संगणकीय आवृत्ती निघाली आणि तिच्या मागोमाग सुधारलेले खंड बाहेर पडले. मूळ खंडांतील बराच मजकूर नव्या आवृत्तीतून गळला आहे, हे अभ्यासकांनी जुन्या छापील प्रतींशी ताडून दाखविले. वाद झाला, आणि २००५ साली सरकारने ती सुधारित आवृत्ती मागे घेतली. जुने खंड ग्रंथालयांत आणि लोकांच्या घरी नसते, तर ताडून पाहणार कशाशी? मूळ खंड आता गांधी हेरिटेज पोर्टलवर कोणासही पाहता येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. उलटपक्षी, जी वस्तू एकच असते तिचे काय होते हेही आम्ही वर्धेकरांनी पाहिले आहे. २०११ साली सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याची वार्ता देशभर पसरली होती. चष्म्याची प्रत काढता येत नाही. शब्दांची येते, आणि ती अनेक घरी असावी हेच इष्ट.

परंतु 'घर' ह्या शब्दाने भारावून जाऊ नये. घरचे दप्तर म्हणजे काय ते महाराष्ट्रास नव्याने शिकावयाचे नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून कागद मिळविले. कित्येक ठिकाणी रुमाल सोडावा तो आत वाळवीची माती. कित्येक ठिकाणी दप्तर रद्दीच्या भावाने वाण्याकडे गेलेले. आणि कित्येक ठिकाणी मालक कागद स्वतः वाचीत नसे, दुसऱ्यास वाचू देत नसे, वडिलांचे म्हणून त्यावर बसून राही. कागद घरात होते. ते जपले जात होते असे कोण म्हणेल? आमच्या परिचयातील कित्येक तरुण मोठ्या उत्साहाने घरी असा सर्व्हर उभारतात. त्यात दोन डिस्क एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या चालतात म्हणून निश्चिंत होतात. आणि मग वर्षभर तिकडे पाहत नाहीत. प्रतिबिंब म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली गोष्ट आरशातही पुसली जाते. जाणत्यांचा दंडक असा, की प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी घराबाहेर असावी. आमची तिसरी प्रत आर्वीस आमच्या भगिनीकडे तांदळाच्या डब्याशेजारी असते आणि दर दिवाळीस बदलली जाते. स्वावलंबनाचा शेवट असा दुसऱ्याच्या घरी होतो, ह्याचे आम्हांस वैषम्य वाटत नाही. कुमारप्पांनी ज्या विकेंद्रित अर्थव्यवस्थेचा पुरस्कार मगनवाडीत केला, तीत एकेक घर तुटून एकटे पडावे असे काही नव्हते.

इथपर्यंतचा विचार तसा सोपा होता. खरी अडचण पुढे आहे, आणि ती आमच्या कन्येच्या एका प्रश्नाने आमच्यापुढे उभी राहिली. सर्व्हरवर प्रत्येकास आपापला कप्पा करून दिल्यावर तिने विचारले, "बाबा, माझ्या कप्प्यात काय आहे ते तुम्हांला दिसते का?" आम्ही सांगितले, की आम्ही पाहत नाही. ती म्हणाली, "पाहता का असे नाही विचारले. दिसते का?"

दिसते. यंत्र चालविणाऱ्यास सर्वच दिसू शकते. कोणी केव्हा काय ठेवले, काय पुसले, हेही त्याच्या वहीत नोंदले जाते. आपल्या वस्तू परक्या कंपनीच्या नजरेतून सोडवून घरी आणल्या असे आम्ही समजत होतो. त्या घरातल्या मुलीच्या दृष्टीने ही सुटका कितपत होती? कंपनी तिची पत्रे वाचील ती तिला जाहिरात विकण्यासाठी; कंपनीला तिचे नाव एक आकडा आहे. बाप वाचील तो तिला ओळखून वाचील. परक्याच्या नजरेत उपेक्षा असते, आपल्याच्या नजरेत निवाडा असतो. आणि वीस वर्षांच्या मुलीस ह्या दोहोंपैकी कोणते ओझे जड, हे सांगण्यास मानसशास्त्राचे पुस्तक नको. कंपनीशी निदान करारपत्र असते, ते कोणी वाचीत नसले तरी. घरात करार कसला? घरात विश्वास असतो असे आपण म्हणतो, आणि पुष्कळदा त्या विश्वासाचा अर्थ एवढाच असतो, की ज्याच्या हाती सत्ता आहे त्यास कोणी काही विचारू नये.

गांधीजींनी धनिकांस सांगितले, की तुम्ही धनाचे मालक नाही, विश्वस्त आहात. ह्याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी तो उपदेश आचरून दाखविण्याचा आटोकाट प्रयत्न केला. तरीही ह्या सिद्धान्तावर एक आक्षेप सतत घेतला गेला, आणि तो आम्हांस कधीच क्षुल्लक वाटला नाही: विश्वस्ताने विश्वासघात केला तर त्यास आवरणार कोण? चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर उभी असलेली व्यवस्था ही त्या माणसापुरतीच चांगली. आम्ही वाईट नाही, असे आम्हांस वाटते. पण काळजी वाटणाऱ्या बापाची एखादी रात्र कशी असते हेही आम्हांस माहीत आहे. म्हणून 'पाहणार नाही' असे वचन देण्यापेक्षा 'पाहता येणार नाही' अशी तजवीज करणे आम्हांस अधिक नीतीचे वाटले. प्रत्येकाचा कप्पा ज्याच्या त्याच्या पासवर्डने कूटबद्ध केला. त्यात काय आहे ते आता आमच्या यंत्रालाही कळत नाही. ते फक्त अर्थहीन अक्षरांची रास सांभाळते. स्वतःच्या सद्गुणावर विसंबावे लागू नये अशी व्यवस्था करणे ह्यास कोणी दुबळेपणा म्हणेल, तर म्हणो.

पण ह्याने प्रश्न मिटला नाही, तो फक्त दुसऱ्या दारी गेला. आमचे एक सहाध्यापक २०२१ च्या एप्रिलात महामारीत गेले. वऱ्हाडी बोलीतील शब्द आणि म्हणी त्यांनी तीस वर्षे जमविल्या होत्या. हिंगणघाटच्या बाजारापासून आष्टी, कारंजापर्यंत हिंडून, बायाबापड्यांच्या तोंडून ऐकून. अलीकडे ते सारे त्यांनी संगणकावर उतरविले, कागदाच्या चिठ्ठ्या टाकून दिल्या, आणि सावध माणूस म्हणून डिस्क कूटबद्ध केली. पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. त्यांच्या पत्नीने आम्हांस बोलावले. आम्ही दोन जाणत्या विद्यार्थ्यांस घेऊन गेलो. मुलांची नावे, जन्मतारखा, त्यांच्या आवडत्या अभंगांचे चरण, सर्व करून पाहिले. चांगली कूटरचना अशी असते, की अंदाजाने ती उघडावयास कित्येक जन्म पुरत नाहीत. हीच तिची थोरवी. ती पेटी त्या घरात अजून आहे. दर महिन्यास तिच्यावरील धूळ पुसली जाते.

वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. म्हाइंभटांनी तेथे सिद्ध केलेले लीळाचरित्र परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाले आणि ज्यांस ते मुखोद्गत होते त्यांच्या स्मरणातून पुन्हा लिहिले गेले, असे महानुभाव परंपरा सांगते. पुढे ह्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत घातले. परक्याच्या हाती ते पडू नयेत हा हेतू सफळ झाला; इतका, की मराठी गद्याचे हे आद्य भांडार शतकानुशतके मराठी वाचकांसच बंद राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली तेव्हा कोठे महाराष्ट्रास आपल्याच भाषेचे आरंभीचे ऐश्वर्य दिसले. किल्ली जाणणारे महंत मठांत होते म्हणून ग्रंथ जिवंत राहिले. ते नसते तर नुसत्या पोथ्यांचे मोल कोणी केले असते? ग्रंथ गुप्त ठेवणारा आणि ग्रंथ पुढच्या पिढीस देणारा, ह्या दोघांची कर्तव्ये एकाच माणसावर आली म्हणजे तो कोंडीत सापडतो. जे फार सुरक्षित ते वारसास मिळत नाही, आणि जे वारसास सहज मिळेल ते जिवंतपणी आपले राहत नाही.

आमच्या सौ.नी ह्या कोंडीवर जो तोडगा सुचविला तो यंत्रशास्त्रातला नाही. प्रत्येकाने आपला पासवर्ड कागदावर लिहावा, पाकिटात घालून लाखेने बंद करावा, आणि ती पाकिटे घरात न ठेवता आर्वीस ठेवावीत. लाख मोडलेली दिसली की मोडणारा सापडला. ह्या युक्तीत पुरावा आहे, अडथळा नाही, असा आक्षेप आम्ही घेतला. त्यांनी उत्तर दिले, की घरात ह्याहून अधिक अडथळा असू नये. ह्या उत्तरावर आमचा अद्याप विचार चालू आहे.

पाकिटात काय घालावे हे ठरवायचे म्हणजे आपल्यामागे काय राहावे हे ठरवायचे, आणि तेथे असंग्रहाचा धडा नकळत सुरू झाला. सौ.नी आपला कप्पा तीन रविवार बसून निवडला. शुभप्रभातचे संदेश गेले, जेवणाच्या ताटांची छायाचित्रे गेली, एकाच सूर्यास्ताच्या बावीस प्रतींपैकी एक राहिली. त्यांच्या आईच्या आवाजातील ओव्या मात्र त्यांनी दोनदा ऐकून, नाव घालून, वेगळ्या ठेविल्या. चाळीस हजारांतून सहाशे उरले. आमच्या कप्प्यात अद्याप एकतीस हजार आहेत, आणि आपण काय टाकू नये ह्याची कारणे आम्हांस फार सुचतात. तीस वर्षे शिकविण्याच्या धंद्यात राहिल्याचा हा परिणाम असावा.

कन्येने पाकीट दिले, परंतु वर आपल्या हाताने सूचना लिहिली: कप्पा न उघडता पुसून टाकावा, आणि पाकीटही. मग आत पासवर्ड घातलाच कशाला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, मन बदलले तर वरचे खोडीन. येत्या दिवाळीस तिसऱ्या डिस्कबरोबर ते आर्वीस जाईल.